माझ्या तोंडावरची दोन भोकं

मी बोलतेय. इकडे तिकडे काय बघताय? शेडच्या दारात उभी असलेली ही लांब नाकाची, एकाच माणसाला पोटात घेणारी रेसची जुनी गाडी, तीच मी. माझ्याबरोबर धावलेल्या बहुतेक गाड्या केव्हाच भंगारात गेल्या. मी मात्र अजून टुणटुणीत आहे, आणि वयोमानाप्रमाणे थोडी बडबडीही झालेय.

माझा जन्म याच शेडमधला. घरातल्या थोरल्या भावाला सगळे दादा म्हणतात. पत्र्याच्या कामात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. वाळूने भरलेल्या पिशवीवर ॲल्युमिनियमचा सपाट पत्रा ठेवून, लाकडी हातोड्याने ठोकत ठोकत त्यांनी मला घडवलं. शेजारपाजारचे त्या ठकठकीला विटले होते. नाक सगळ्यात शेवटी झालं. ते मनासारखं उतरेना म्हणून दादा पत्रा फेकायचे, नवा घ्यायचे, मग डोळे मिटून त्याच्यावरून हात फिरवत बसायचे. वहिनी एकदा दारात येऊन म्हणाल्या, "लग्नाआधी मला बघायला आलात, तेव्हा माझ्याकडे इतकं निरखून बघितलं नव्हतंत." दादा हसलेही नाहीत. त्यांना ऐकूच गेलं नव्हतं.

मला चालवायचा तो त्यांचा धाकटा भाऊ. त्याला मी अहो-जाहो करत नाही. जो माणूस माझ्या पोटात बसून घामाघूम होतो आणि वळण आलं की देवाची आणि माझी एकदमच विनवणी करतो, त्याच्याशी कसली औपचारिकता? दोघा भावांचं चांगलं जमायचं. एकाने घडवायचं, दुसऱ्याने पळवायचं.

आमचा रेसचा रस्ता टेकडीवरून खाली येतो. लांबच लांब उतार, आणि तळाशी डावीकडे एकदम आवळलेलं वळण. त्या उतारावर ब्रेक सारखे दाबावे लागतात. माझ्या पुढच्या चाकांच्या आत लोखंडी तबकड्या आहेत. ब्रेक दाबला की त्या दोन्ही बाजूंनी चिमटीत पकडल्या जातात आणि तापून लाल होतात. ताप फारच वाढला तर ब्रेकचं तेल उकळतं. मग पाय कितीही जोरात दाबा, पॅडल लोण्यात बुडाल्यासारखं खाली जातं आणि गाडी थांबत नाही.

धाकट्याला याची धास्ती होती. तो दादांना म्हणाला, "पुढे दोन भोकं पाडू आणि पाइपाने ब्रेकवर गार वारा सोडू. बाकी सगळ्यांनी केलंय."

"तिच्या तोंडाला कात्री लागायची नाही," दादा म्हणाले. "तू जरा पाय जपून टाकत जा."

विषय तिथेच संपला. पुढे एका रेसमध्ये त्या तळाच्या वळणावर माझं पॅडल खाली गेलं ते गेलंच. आम्ही दोघं भिंतीवर आदळलो. माझ्या नाकाचा चेंदामेंदा झाला. दादांनी ते असं दुरुस्त केलं, की कुठे मार लागला होता हे आज मलाही सांगता येणार नाही. धाकट्याचा पाय मात्र कोणाला तसा सरळ करता आला नाही. तेव्हापासून तो काठी घेऊन चालतो.

माझ्यावर ताडपत्री घातली गेली. दादा सुट्टीच्या दिवशी ती काढायचे, मला पुसायचे, तळहातावरच्या फोडासारखं जपायचे. धाकटा शेडकडे फिरकला नाही. दोघे एकाच घरात राहतात, एकाच टेबलावर जेवतात. गळक्या नळाबद्दल बोलतात, गुडघेदुखीबद्दल बोलतात. त्या वळणाबद्दल मात्र दोघेही मूग गिळून गप्प. माणसं अशी वर्षानुवर्षं गप्प कशी राहू शकतात, हे मला कोडंच आहे. माझ्यात एक नट सैल झाला तरी मी खडखडाट करते.

मग धाकट्याची लेक मोठी झाली. बापाचं रक्त. नव्या गाड्या पळवून झाल्या आणि एक दिवस ती शेडमध्ये येऊन उभी राहिली. "मोठेकाका, जुन्या गाड्यांची रेस आहे आपल्या टेकडीवर. मला हिला न्यायचंय."

दादांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. पण लेकीची अट होती: ब्रेकना गार वारा मिळाला पाहिजे.

"देतो की," दादा म्हणाले. "फक्त कात्रीचं नाव काढायचं नाही."

आणि त्यांनी दिलाही. स्वतःच्या हाताने दोन सुरेख नरसाळी बनवली, त्यांना लवचीक पाइप जोडले आणि ते चाकांपर्यंत नेले. नरसाळ्यांची तोंडं त्यांनी माझ्या रेडिएटरच्या मागे लपवली. बाहेरून कोणाला काही दिसू नये, नाकावर ओरखडा नको. काम इतकं नेटकं, की लेकही बघतच राहिली. आता रेडिएटर म्हणजे माझं तापलेलं डोकं. इंजिनाची सगळी धग तिथून बाहेर पडते. तापाने फणफणलेल्या माणसाला चुलीवरचा वारा घालावा, तशातला हा प्रकार. दादांसारख्या कसबी माणसाला हे कळत नव्हतं असं नाही. त्यांना ते कळून घ्यायचं नव्हतं. मी ओरडून सांगितलं असतं, पण माझं कोण ऐकतंय?

सरावाच्या दिवशी लेकीने तबकड्यांच्या कडेला ताप दाखवणारा रंग लावला. तो हिरवा राहिला तर सगळं ठीक, पांढरा पडला तर ताप हाताबाहेर गेला. अपघातानंतर धाकटा त्या दिवशी पहिल्यांदाच टेकडीवर आला. काठी टेकत तळाच्या वळणापाशी जाऊन उभा राहिला. कोणी त्याला विचारलं नाही की इथेच का.

उताराच्या मध्यावरच माझं पॅडल मऊ पडायला लागलं. लेकीच्या लक्षात आलं. तिने पटापट गिअर खाली टाकले, माझं इंजिन किंचाळलं, आणि वळणाच्या बाहेरच्या खडीत घसरत, चाकं रुतवत आम्ही थांबलो. भिंत हाताला लागेल इतकी जवळ होती. तिचे हात स्टिअरिंगवरून सुटेनात. मला माझ्या नाकाची काडीचीही फिकीर नव्हती. ती धडधाकट आहे ना, एवढंच मला हवं होतं.

दोघे भाऊ पोचले. लेकीने चाकाकडे बोट दाखवलं. रंग पांढराफटक पडला होता.

"गरम वारा जातोय, मोठेकाका," ती म्हणाली.

दादांना धाप लागली होती. सवयीने त्यांच्या तोंडून निघून गेलं, "तू जरा पाय जपून टाकला..." आणि ते थांबले.

धाकटा शांतपणे म्हणाला, "दादा, ती माझ्यापेक्षा जपून चालवते. आणि मीही जपूनच चालवत होतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा पत्रा कापायची कात्री घेऊन माझ्यासमोर आले आणि उभेच राहिले. मग घराच्या दिशेने हाक मारली. धाकटा आला. शेडचा उंबरठा ओलांडताना तो क्षणभर अडखळला. दादांनी त्याच्या हातात खडू दिला.

"तुला कुठे हवी होती?" त्यांनी विचारलं.

धाकट्याने त्यांच्याकडे पाहिलं. मग वाकून, काही न मोजता, माझ्या तोंडावर दोन गोल काढले. इतकी वर्षं ते त्याच्या डोळ्यांपुढे असणार.

दादांनी कापलं. धाकट्याने पत्रा धरून ठेवला. मला दुखलं नाही, पत्र्याला कसलं दुखणं? पण ज्या हातांनी मला घडवलं त्यांच्यावर धाकट्याने हात ठेवला, तेव्हा मात्र मला भरून आलं. कडा कानशीने घासल्या, आत वळवल्या, पाइप तबकड्यांच्या मध्यापर्यंत नेले.

रेसमध्ये आमचा नंबर काही आला नाही. आमच्याहून म्हातारी एक गाडी आम्हाला मागे टाकून गेली, त्याचा मला अजून राग आहे. पण त्या उतारावर गार वारा माझ्यातून सुसाट वाहत राहिला, पॅडल दगडासारखं घट्ट राहिलं, आणि लेक त्या वळणावरून अशी अलगद वळली, की मला आपल्या वयाचा विसर पडला. परतल्यावर दादा गुडघ्यांवर बसले आणि चाकात डोकावले. रंग हिरवागार होता. ते बराच वेळ उठेनात. शेवटी धाकट्यानेच काठी बाजूला ठेवली आणि त्यांना हात दिला.

हल्ली लोक मला बघायला येतात. "काय देखणी आहे हो," म्हणतात आणि मग हळहळतात, "छे, ही भोकं पाडून चांगल्या गाडीची वाट लावली." दादा तिथेच स्टुलावर बसलेले असतात. ते मान हलवतात. म्हणतात, "चुकलंच. फार उशिरा पाडली."

तेव्हा तुम्हाला एकच विनंती आहे. मला खुशाल बघा, हात लावा, फोटो काढा. भोकांबद्दल मात्र काही बोलू नका. दादांना दर वेळी ते वाक्य पुन्हा म्हणावं लागतं, आणि शेजारी बसलेला धाकटा दर वेळी म्हणतो, "असू दे रे दादा."