केकच्या गाडीचा आचका

"अगं, आधी थांब तरी! मग गिअर टाक!" गाडीच्या मागच्या भागातून थोरली ओरडली.

दोघी जावांचा केकचा धंदा. थोरली करायची, धाकटी पोचवायची. केक तिमजली असला की थोरली मागे फळीवर मांडी घालून बसायची, तो दोन्ही हातांनी धरायची आणि रस्ताभर कुरकुरायची. धाकटी ते एका कानाने ऐकायची. ऑटोमॅटिक गाडी, दांडा सरकवला की झालं, असं तिचं मत. गाडी मागे जात असतानाच ती दांडा पुढच्या गिअरला टाकायची, की बसलाच आचका. चढावर सिग्नल लागला की ब्रेक न लावता अॅक्सिलरेटरवरच गाडी तोलून धरायची.

पण त्या दिवशी केक पोचवल्यावर थोरली खाली उतरलीच नाही.

"हा आचका वेगळा आहे. आता तू घाई केली नाहीस तरी बसतो. गिअर बदलताना गाडी आधी अडखळते, मग ढुशी मारते."

"ताई, तुमची कंबर दुखतेय."

"कंबर दुखतेय, खोटं बोलत नाहीये. गॅरेजला ने, नाहीतर उद्यापासून केकही तूच धर आणि गाडीही तूच चालव."

मेकॅनिकने गिअरबॉक्समधलं तेल पांढऱ्या फडक्यावर टिपलं. लाल असायला हवं ते काळपट तपकिरी झालं होतं, आणि त्याला करपल्याचा वास येत होता. धाकटीचा चेहरा उतरला.

"खालचं पॅन उघडतो," तो म्हणाला. "आत चुंबक असतो. त्यावर नुसती भुकटी असली तर झीज नेहमीची. धातूचे कपचे निघाले, तर गिअरबॉक्स गेला म्हणून समजा."

गिअरबॉक्स गेला की गाडी गेली, आणि गाडी गेली की धंदा बसला.

पॅन खाली आलं. चुंबकावर करडा लगदा होता. मेकॅनिक चष्मा शोधत होता, तेवढ्यात थोरलीने बोट घालून तो चिमटीत चोळलाही.

"मैदा," ती म्हणाली. "रवासुद्धा नाही."

मेकॅनिकने स्वतः चोळून पाहिला आणि हसला. "बरोबर. तेल आणि फिल्टर बदलू, एवढ्यावर निभावेल. असंच रेटलं असतं तर आतल्या चकत्या जळाल्या असत्या. आचका कोणाच्या लक्षात आला?"

"आमच्या ताईंच्या," धाकटी म्हणाली. मग तिने थोरलीचं तेलकट बोट आपल्याच ओढणीला पुसलं.

"अगं, डाग पडेल!"

"पडू दे."

दुसऱ्या दिवशी धाकटीने फाटकातून गाडी मागे काढली, ब्रेक दाबून पूर्ण थांबवली आणि मगच दांडा सरकवला. गाडी लोण्यासारखी निघाली. मागे सगळं शांत.

"ताई, काहीतरी बोला की."

"काय बोलू? केक जागचा हलला नाही."

"तरी बोला. गाडी तुमच्या बोलण्यावरच चाललीय."

"मग पुढे चढ आहे. ब्रेकवर पाय ठेव."

"ठेवला, ताई," धाकटी म्हणाली. आज तिचे दोन्ही कान मागे होते.