पत्राची मागची बाजू

मित्रांनो, माझ्या पेटीत माझ्यासोबत एक पत्र होते. अकरा वर्षे त्याला उत्तर गेले नाही, आणि याला कारण मीच, असे मला वाटत असे.

मी एक जुनी टेपर अटॅचमेंट आहे. नाव जड, पण काम सोपे. लेथवर लोखंडी दांडा गरगर फिरतो आणि हत्यार तो सोलत जाते. मी लेथच्या पाठीशी बसते आणि माझ्या तिरक्या पट्टीच्या आधाराने हत्याराला हळूहळू बाजूला सरकवते. मग दांडा गाजरासारखा निमुळता उतरतो. एका टर्नरने, म्हणजे लेथ चालवणाऱ्या कारागिराने, मला स्वतःच्या हातांनी घडवले आणि दूरच्या धाकट्या भावाकडे धाडले. तोही टर्नरच. सोबतच्या पत्रात लिहिले होते, 'बसव, आणि पहिला तुकडा कसा उतरतो ते कळव.'

धाकट्याने माझ्या अंशांच्या खुणा पाहून पट्टी लावली आणि तीन तुकडे वाया घालवले. 'तुझे साधन चुकले आहे' असे दादाला कोणत्या तोंडाने लिहायचे? 'मला जमले नाही' हे तरी कसे लिहायचे? त्याने मला पत्रासकट पेटीत घातले आणि पेटी कामाच्या बाकाखाली सारली. दादाचेही पुन्हा पत्र आले नाही.

परवा सकाळी झाकण उघडले. धाकट्याची मुलगी होती, आता तीही लेथ चालवते.

"बाबा, ही काकांनी केलेली ना? आणि बाकाखाली?"

"चालत नाही ती."

तिने पत्र वाचले, उलटले आणि हसत सुटली. "मागे काय लिहिलंय, वाचलंत?"

"मागे? मागेही आहे?"

"'खुणा मी नजरेनं आखल्यात, त्यांच्या भरवशावर राहू नकोस. डायल लावून जुळव.' आणि आम्हाला सांगता, ड्रॉइंग दोन्हीकडून बघा!"

"पुरे गं! डायल आण."

काय धांदल उडाली! माझा गंज निघाला, अंगाला तेल लागले. लेथवर नमुन्याचा निमुळता दांडा चढला. डायल म्हणजे केसभर फरकही काट्याने दाखवणारे मापक; त्याचे टोक दांड्याला टेकवून त्यांनी हत्याराची गाडी सरकवली. काटा पळाला, म्हणजे माझा तिरपेपणा अजून जुळला नव्हता! पट्टीवर हलकी टिचकी. "अजून केसभर." काटा थांबला. बोल्ट आवळले, तर पुन्हा हलला.

"आवळताना सरकते, लबाड!"

"लबाड नाही, बाबा. थोडं थोडं आवळा."

अखेर या टोकापासून त्या टोकापर्यंत काटा जागचा हलला नाही. मग खरा तुकडा कापला. त्याला निळा रंग फासून सॉकेटमध्ये, म्हणजे तो जिथे बसायचा त्या निमुळत्या खोबणीत, फिरवला आणि बाहेर काढला. रंग सगळीकडून सारखा पुसला होता!

"बसला! बसला गं!" पासष्ट वर्षांचा माणूस ओरडला. मला तर बोल्टांतून उडी मारावीशी वाटली.

मित्रांनो, मी कसली उपदेश करणारी? पण एखादी वस्तू चालत नाही म्हणून अडगळीत ढकलण्याआधी तिला थोडे तेल द्या, आणि तिच्यासोबत आलेला कागद पूर्ण वाचा.

त्याने बाकावरच चार ओळी लिहिल्या. 'दादा, तुकडा बसला. साधन उत्तम आहे. पत्र मी उलटलेच नव्हते. रागावू नकोस.'

कोपऱ्यावरची टपालपेटी मला खिडकीतून दिसते. तेलकट अॅप्रन घालूनच तो धावला. पाकीट आत सोडण्याआधी त्याने ते एकदा उलटून पाहिले.