उभ्या गाडीचं माप

"काका, अजून किती वेळ?" शोरूममधल्या बाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

"सात मिनिटं," असं म्हणून गादीवाले त्या लाल इटालियन मोटरसायकलवर तसेच पुढे वाकून बसून राहिले. मोटरसायकल स्टँडवर उभी, इंजिन बंद आणि हे स्वारीला निघाल्यासारखे दोन्ही मुठी आवळून बसलेले. टाकीवर हातातलं घड्याळ काढून ठेवलेलं. समोरच्या सोफ्यावर त्यांची बायको, हा गृहस्थ आपल्या ओळखीतलाच नाही असा चेहरा करून चहा पीत होती.

गादीवाले हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. चाळीस वर्षं मोटरसायकलच्या सीटा शिवल्यावर माणसाचं दुसरं काय होणार? त्यांच्या कारखान्याची रीत ठरलेली होती. कच्चा फोम ठेवायचा, गिऱ्हाइकाला त्यावर पूर्ण वीस मिनिटं बसवायचं आणि तो कुठे चुळबुळतो ते बघून तिथला फोम तासायचा. कुणी घाई केली की म्हणायचे, "पाच मिनिटं दगडसुद्धा मऊ लागतो." गिऱ्हाइकं वैतागायची, पण पुढच्या वेळी मित्राला घेऊन यायची.

स्वतः मात्र ते आयुष्यभर फोमच्या गुंडाळ्या वाहणाऱ्या एका खटारा स्कूटरवर फिरले. लोकांची मोटरसायकल दारातून आत घ्यायची आणि आतून दारात आणायची, एवढंच त्यांचं चालवणं. कोपऱ्यापलीकडे कुणाची वस्तू न्यायची नाही, हा स्वतःला घातलेला नियम त्यांनी कधी मोडला नव्हता.

अकरा वर्षांपूर्वी अशीच एक इटालियन मोटरसायकल सीट बदलायला आली होती. काम एका दिवसाचं. गादीवाल्यांनी दोरा आला नाही अशी थाप मारून ती दोन दिवस जास्त ठेवून घेतली आणि रोज सकाळी चहाचा पेला घेऊन तिच्यासमोर बसले. टाकीचा उतार, मागे निमुळती होत गेलेली शेपटी, सगळं एका हाताने बेतल्यासारखं. एक टाका जास्तीचा नाही. धंद्यात ते खोटं बोलले ते तेवढंच.

आता डाव्या मनगटाने असहकार पुकारला होता. चामडं ताणून ताणून सांधा झिजला होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, अजून दोन-तीन वर्षं. मग क्लच दाबणं विसरा. कारखाना मुलीने हाती घेतला होता. तीच म्हणाली, "बाबा, घ्यायची तर आत्ता घ्या. नाहीतर जन्मभर लोकांच्याच गाड्या बघाल."

वीस मिनिटं भरली. गादीवाले उतरले, घड्याळ खिशात टाकलं आणि मनगट चोळू लागले. बोटांना मुंग्या आल्या होत्या.

"नाही जमायचं," ते बायकोपाशी येऊन म्हणाले. "सगळा भार हातावर येतो. ती पलीकडची निळी घेऊ. ताठ बसता येतं. मघाशी वीस मिनिटं बसलो, कुठे काही बोचलं नाही. सीट उत्तम आहे."

"आपण सीट घ्यायला आलोय का?" बायको म्हणाली.

"अगं, आराम नको का बघायला?"

"बघा की. पण निळीवर बसला होतात तेव्हा सगळा वेळ बघत होतात या लालकडेच."

गादीवाल्यांनी पुन्हा एकदा निळीकडे पाहिलं. निळीत खोट काढायला जागा नव्हती हे खरं, पण चहाचा पेला घेऊन तिच्यासमोर बसावंसं वाटत नव्हतं हेही तितकंच खरं. अकरा वर्षं मनात धरलेली गोष्ट वीस मिनिटांत सोडावी लागते याचं त्यांना फार वाईट वाटलं.

शोरूमच्या बाईंनी मात्र नेमकं विचारलं. "काका, तुम्ही ही चालवून कुठे बघितलीत?"

"मला बसून कळतं. चाळीस वर्षांचा हात आहे."

"उभ्या गाडीवर नाही कळत. उभी असताना सगळं वजन मनगटावर येतं. वेग आला की समोरचा वारा छातीला टेकू देतो. मग हात नुसते ठेवायचे. मी स्वतः रोज अशीच चालवते."

"वारा टेकू देतो?" गादीवाले हसले. मग त्यांचं हसू हळूहळू ओसरलं. आजवर शेकडो वाकून चालवायच्या मोटरसायकली त्यांच्या कारखान्यात आल्या होत्या. सगळ्यांची मापं घेतली होती ती स्टँडवर.

"म्हणजे जन्मभर मी उभ्या गाड्यांचीच मापं घेतली की काय?"

"आणि तरी कुणी भांडायला आलं नाही," बायको म्हणाली. "जा आता. चालवून या."

बाई दुसऱ्या मोटरसायकलवर पुढे आणि गादीवाले मागे, असे निघाले. पहिल्या सिग्नललाच मनगटातून कळ आली. दुसऱ्या सिग्नलला त्यांनी हेल्मेटच्या आत बाईंना, वाऱ्याला आणि मुलीलाही एकेक शिवी हासडली. मग गाव मागे पडलं, कालव्याकाठचा रस्ता लागला. पुढची मोटरसायकल सुटली, तसा त्यांनीही वेग घेतला.

आणि खरंच, छातीवर कुणीतरी तळहात ठेवावा तसा वारा येऊन टेकला. हातांवरचं ओझं उतरलं. त्यांनी डाव्या हाताची बोटं एकेक करून सैल केली; काही दुखेना. वळण आलं. त्यांनी नुसतं वळणाच्या टोकाकडे पाहिलं आणि मोटरसायकल आपणहून तिकडे कलली. गादीवाले मोठ्याने हसले. आपण हे साठीला आल्यावर शिकतोय याची खंत मनाला चाटून गेली, पण पुढे दुसरं वळण दिसत होतं.

परतल्यावर बायकोने आधी मनगटाकडे बघितलं. "दुखलं?"

"सिग्नलला. पुढे नाही."

"मग?"

"दोन वर्षं मिळतील. फार तर तीन."

"आणि निळी किती वर्षं चालवाल?"

गादीवाल्यांनी विचार केला. "तेवढीच. क्लच दोघींनाही आहे."

"मग दोन-तीन वर्षं निळीला बघून तोंड वाकडं करायचंय कशाला? देखणी तीच घ्या." मग तिने लाल मोटरसायकलची मागची बाजू न्याहाळली. "पण मी बसू कुठे? इथे तर मांजरही मावणार नाही."

दहा दिवसांनी ती दोघं कालव्याच्या रस्त्याला लागली. गावातल्या प्रत्येक सिग्नलला बायकोने मागच्या चार बोटं सीटचा उद्धार केला होता. मोकळ्या रस्त्यावर मात्र ती एकदम गप्प झाली. थोड्या वेळाने तिचे हात त्यांच्या कमरेभोवती घट्ट आवळले गेले. घाबरली वाटतं, असं म्हणून गादीवाल्यांनी वेग कमी केला.

पाठीवर चापट बसली.

"अहो, हळू का केलीत?" ती मागून ओरडली.

गादीवाल्यांनी क्लच दाबला. मनगट जरा कुरकुरलं. त्यांनी गिअर टाकला आणि दोघंही पुढे वाकली.