ऑप्शनला टाकलेला धडा

मी व्यापारी कायद्याचं एक जुनं पुस्तक आहे. मित्रांनो, नाव ऐकूनच जांभई आली ना? येऊ द्या. माझ्यासमोर जांभया देत देतच कितीतरी जण पदवीधर झाले, मला राग नाही.

छापखान्यातून आलो तेव्हा माझ्या पानांना शाईचा वास होता आणि पाठीवर सोनेरी अक्षरं. पहिला मालक मला दोन्ही हातांनी उघडायचा. त्याने माझ्या प्रत्येक ओळीखाली पिवळी रेघ मारली. सगळंच महत्त्वाचं ठरवल्यावर नेमकं काय महत्त्वाचं, हे बिचाऱ्याला शेवटपर्यंत कळलं नाही. तरी मला तो आवडायचा.

दुसरा मालक हुशार. त्याने पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका पुढ्यात घेतल्या आणि वस्तुविक्रीचा अख्खा धडा, बावीस पानं, ऑप्शनला टाकला. चुकूनही नजर जायला नको म्हणून स्टेपलर घेऊन तिन्ही कडांना पिना मारल्या. वर पेनाने लिहिलं, 'परीक्षेला येत नाही'. पोटात पिना घेऊन जगणं कसं असतं, ते मला विचारा. कुठूनही उघडलं तरी मी त्या जागी कुबड काढून बसायचो.

तिसरी मालकीण मला जुन्या पुस्तकांच्या दुकानातून घेऊन आली. तिची आई पडदे शिवायची. पुढच्या खोलीत दोन मशीन, कापायचं लांब टेबल आणि टेबलाच्या कोपऱ्यावर मी. माझ्या अंगावर कधी खडू, कधी टेप. पण निदान माणसांत होतो.

आई मशीन चालवता चालवता विचारायची, "काय गं वकीलबाई, तुझ्या त्या ठोकळ्यात आमच्या कापडाबद्दल काही लिहिलंय का?"

"लिहिलंय. पण ते परीक्षेला नाहीये."

"मग राहू दे. कापड तरी कुठे परीक्षेला बसतंय!"

अशात आईला एका इस्पितळाच्या पडद्यांचं काम मिळालं. आजवरचं सगळ्यात मोठं. घाऊक व्यापाऱ्याने दिलेला हिरव्या कापडाचा तळहाताएवढा नमुना तिने आठवडाभर धुतला, उन्हात टाकला, पुन्हा धुतला. रंग तसूभर हलला नाही. मग तिने बारा तागे मागवले. ते आले तेव्हा हातात काम होतं, म्हणून सही करून ती मोकळी झाली.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी सकाळी, तिने पहिल्या ताग्याच्या टोकाची एक पट्टी पाण्यात बुडवली. पाणी हिरवंगार झालं.

फोनवर व्यापारी म्हणाला, "ताई, माल उतरवून घेतलात, सही केलीत. आता विषय संपला."

आईने फोन ठेवला. "सही माझीच आहे गं. इस्पितळात पडदे सारखे धुतात. दोन महिन्यांत फिके पडतील, आणि पुन्हा मला कोण काम देणार? पण तारीख दिलीय, कापायला घ्यायलाच हवं. मिठाच्या पाण्यात रंग बसतोय का बघू." तिने तागा टेबलावर पसरला आणि कात्री उचलली.

मुलगी माझ्याकडे बघत होती. माझ्या कुबडाकडे.

"आई, थांब जरा."

"थांबून काय होणार आहे?"

"माहीत नाही. तेच बघायचंय."

टाके उसवायच्या बारक्या हत्याराने तिने एकेक पीन उपसली. दोन पानं फाटली. मी हूं की चूं केलं नाही. मग ती बोट फिरवत वाचायला लागली. "नमुना दाखवून विकलेला माल नमुन्याशी जुळलाच पाहिजे... माल उतरवून घेतला म्हणजे पसंत केला असं नाही, तपासायला संधी मिळाली पाहिजे... मात्र घेणारा मालकासारखा वागला, तर..." ती थबकली. "आई, कात्री खाली ठेव."

"अगं पण..."

"ठेव म्हणते ना! पट्टी तपासायला कापलीस, ते चालेल. पडदे कापायला घेतलेस की माल पसंत केला असं धरतील."

कापडाच्या कडेला टेकलेली कात्री उचलून आईने माझ्याशेजारी ठेवली. मग एका हातात तो जुना नमुना आणि दुसऱ्या हाताचं बोट माझ्या ओळीवर, असा तिने पुन्हा फोन लावला, स्पीकरवर. पाणी कसं हिरवं झालं ते सांगितलं आणि ओळ वाचून दाखवली. पलीकडून एवढंच आलं, "बघतो."

तिसऱ्या दिवशी गाडी बाराही तागे परत घेऊन गेली आणि नमुन्याबरहुकूम कापड ठेवून गेली. इस्पितळाकडे आईला चार दिवस मागून घ्यावे लागले, बोलणी खावी लागली, ती निराळीच.

"पिना मी पहिल्याच दिवशी काढायला हव्या होत्या," मुलगी म्हणाली. "पाच मिनिटांचं काम."

"दहा लागली. मी घड्याळच बघत होते," आई म्हणाली, आणि उरलेल्या चांगल्या कापडाची पट्टी माझ्या खिळखिळ्या पाठीवर चिकटवायला बसली.

परीक्षेत त्या धड्यावर एकही प्रश्न आला नाही. हुशार मालकाचा अंदाज खरा ठरला.

आता मी आणखी कुणाकडे तरी निघालोय. मित्रांनो, जुनं पुस्तक हाती आलं तर त्याला कव्हर घाला किंवा घालू नका. खडूचे हात लागले तरी आम्हाला चालतात. फक्त आधीच्या माणसाने त्याचं कुठे तोंड बंद केलंय का, तेवढं बघा. माझ्या कडांना पिनांची भोकं अजून आहेत. आणि 'परीक्षेला येत नाही' या अक्षरांखाली मुलीने पेन्सिलीने एक ओळ लिहून ठेवली आहे: 'आला होता. मंगळवारी सकाळी, कापायच्या टेबलावर.'