पाचर

भागोजींचे हात थरथरतात म्हणून नर्सरीवाल्याने यंदा त्यांना आंब्याची कलमं बांधायला बोलावलंच नाही. ऐन हंगामात माणूस घरी, त्यामुळे सकाळपासून ओटीवर नुसत्या येरझाऱ्या. शेवटी वैतागून नातीने, संस्कृतीने, रंगीत पेन्सिली पुढ्यात टाकल्या. “आजोबा, एका जागी बसा नि टोकं काढून द्या.”

त्यांनी कलमाचा चाकू उघडला. टोक निघालं ते दोन्ही बाजूंनी चपटं, कलमाच्या काडीला करतात तशी पाचर.

“गोल हवं,” ती म्हणाली.

त्यांनी पुन्हा तासलं. पुन्हा पाचरच. हिरवी पेन्सिल बोटभर उरली तरी चाकू थांबेना, आणि हात जराही थरथरत नव्हता.

“पुरे आता, आजोबा.”

भागोजींचा डावा हात जमिनीवर चाचपडत होता, बांधायची प्लॅस्टिकची पट्टी शोधत.