वर्गातली रबरी वहिनी

मी एक जुना रबरी नमुना आहे, मित्रांनो. कशाचा, हे सांगताना मोठी माणसंही आवाज खाली करतात, म्हणून मीच सांगून टाकतो. बाईच्या शरीरातला योनिमार्ग आणि त्याच्या टोकाचं गर्भाशय, यांचा. मला साच्यात ओतलं, गुलाबी रंग दिला आणि शिवणकारखान्याच्या दवाखान्यात काचेच्या कपाटात ठेवलं. तिथल्या बायकांनी पहिल्याच दिवशी माझं नाव ‘वहिनी’ ठेवलं. मला ते आवडलं.

जेवणाच्या सुट्टीत नर्सबाई वर्ग घेत. एचआयव्हीचा विषाणू पुरुषाकडून बाईला जितका सहज लागतो, तितका बाईकडून पुरुषाला लागत नाही, हे त्या माझ्यावर बोट ठेवून समजावत. आतलं अस्तर पसरलेलं आणि नाजूक. वीर्य तिथे बराच वेळ राहतं. डोळ्यांना न दिसणारे ओरखडे पडतात. आधीची जखम किंवा दुसरा संसर्ग असला, तर विषाणूला दार उघडंच. कोवळ्या वयात तर ते अस्तर पक्कंही झालेलं नसतं. बायका तोंडावर हात ठेवून हसत, पण ऐकत.

वर्ग संपला की नर्सबाई सगळ्यांसमोर मला जंतुनाशकात बुडवून खसाखसा घासत. स्वच्छतेच्या बाबतीत त्या फार कडक. “बघा, कशी लख्ख झाली वहिनी,” म्हणत मला उंच धरत. मीही फुगून जाई. घोडं पेंड खात होतं ते इथेच.

पुढच्या बाकावर काजबटणं करणारी एक तरुणी बसायची. नवं लग्न झालेलं, नवरा दूरच्या बंदरावर कामाला, अधूनमधून घरी येणारा. नर्सबाईंचं बोलणं तिला निम्मंच कळलं, माझं चमकणं मात्र पुरतं कळलं. ती तेच जंतुनाशक पाण्यात घालून स्वतःला आतून धुऊ लागली. आग व्हायची, तर तिला वाटायचं औषध काम करतंय. खाज सुटली, अंगावरून पांढरं जाऊ लागलं, तेव्हा तिने आणखी धुतलं.

शेजारच्या मशीनवर तिची थोरली जाऊ होती. “का गं, अशी अवघडून का बसतेस?”

“काही नाही, जाऊबाई. पाठ धरलीय.”

मग बंदरावरच्या तपासणीत नवऱ्याला एचआयव्ही निघाला. तिचीही तपासणी झाली आणि नर्सबाईंनी तिला माझ्या कपाटासमोर बसवून सांगितलं, “तुलाही लागण झालीय.”

“पण मी तर स्वच्छ राहत होते, बाई. तुम्ही दाखवलंत तशीच. रोज आतून धुवायचे.”

“कशानं?”

तिने माझ्या शेजारच्या जंतुनाशकाच्या बाटलीकडे बोट केलं.

नर्सबाई खुर्चीत बसल्या. “अगं, आत चांगले जंतू असतात. तेच राखण करतात. ते धुऊन टाकले, अस्तर सोलवटलं, की...”

“मग हे वर्गात का नाही सांगितलंत?”

नर्सबाईंनी मान खाली घातली. मला तर मानही नव्हती. लागण नवऱ्याकडून झाली हे खरं. धुतलं नसतं तर टळली असती का, हे छातीठोकपणे कुणीच सांगू शकणार नाही. तरी मला ते आजही खातं. तिला वाईट सवय लावली ती माझ्या चमकण्याने.

आता माझा रंग उडालाय. ती रोज गोळ्या घेते, तब्येत राखून आहे, आणि वर्गात नर्सबाईंच्या शेजारी उभी राहते. मित्रांनो, आणि खास करून मैत्रिणींनो, ती सांगते ते लक्षात ठेवा. आतली जागा स्वतःला स्वतःच साफ ठेवते. निरोध वापरायला सांगताना लाजू नका. आग, खाज, जखम असली तर धूत बसू नका, दवाखाना गाठा.

शेवटी ती मला उंच धरते, न धुता, सगळ्यांच्या हातांच्या डागांसकट. “या वहिनीला घासा, बुडवा, काही होत नाही,” ती म्हणते. “ही रबराची आहे. आपण नाही.”