चाकामागचा दगड

कडुबांच्या गाडीच्या डिकीत स्टेपनीपेक्षा जास्त मान एका दगडाला होता. काळा, एका अंगानं चपटा, बऱ्यापैकी वजनदार. लग्नाला जा, दवाखान्यात जा, गुलमंडीत कापड घ्यायला जा. आधी दगड उतरायचा, मागच्या चाकाला टेकायचा, मग माणसं उतरायची. हँडब्रेक ओढायची कुणालाच परवानगी नव्हती. चिकलठाण्याच्या एका कंपनीत इन्स्पेक्शनला एकतीस वर्षं काढलेला माणूस. तिथं एकदा हँडब्रेक ओढून उभी केलेली जीप उतारावरून आपली आपण चालत गेली आणि गेटात घुसली. तेव्हापासून हँडब्रेकवरचा त्यांचा विश्वास उडाला तो उडालाच. माणसांवरचा तर आधीपासूनच बेताचा होता.

आणि आज रविवारी त्यांची सून विशाखा अंगणात त्याच गाडीचं मागचं डावं चाक खोलून बसली होती. पुढच्या चाकाला दगड तिनंच मागून घेतला होता. कडुबा समोर खुर्ची टाकून, खिशात जाडी मोजायचा व्हर्नियर घेऊन.

सोमवारपासून तिला खुलताबादला नर्स म्हणून रुजू व्हायचं होतं. सातची ड्युटी. त्या वेळेला पोचवणारी बस नव्हती. म्हणजे गाडी, घाट आणि ती एकटी. कडुबांनी निकाल आधीच सांगून ठेवला होता, "ब्रेक पास झाला तर किल्ली. नाय तर नाय."

झालं असं होतं, की गेल्या आठवड्यात ती रस्ता बघून यायला गेली. घाटात गाड्या तुंबल्या आणि तिनं हँडब्रेक ओढला. एकदाच. घरी आली तेव्हा डावं चाक तव्यासारखं तापलेलं, वास असा की शेजारच्या चंपाबाईंनी आपलाच गॅस दोनदा बघितला.

"वढला म्हणून बिघडला," कडुबांनी आत्ताही तेच ऐकवलं.

"मग काय करू आबा? भर घाटात उतरून दगड लावू?"

"आम्ही लावतोच की."

"तुम्ही कुठं लावता? तुम्ही बसून राहता. लावते मी."

कडुबांनी व्हर्नियर काढून पुसायला घेतला. गॅरेजवाल्यांशी त्यांचं कधीच फाटलं होतं, त्यामुळं मोबाईलवर बघून शिकलेली ही सून तेवढी उरली होती. तिच्यावरही डोळा ठेवलेला बरा.

"ही डिस्क," विशाखा म्हणाली. "हे दोन पॅड तिला दोन्हीकडून चिमटीत धरतात. पायानं ब्रेक दाबला की तेलाच्या जोरावर, हँडब्रेक ओढला की ह्या तारेनं."

तिनं पॅड काढून दिले. कडुबांनी व्हर्नियर लावला. जाडी होती, पण तोंड काचेसारखं चकचकीत, कडा तडकलेल्या. जळालेले. मग तिनं पॅड धरणाऱ्या कॅलिपरमागचा, तारेचा छोटा दांडा पान्यानं ढकलला. दांडा जेमतेम हलला आणि तिथंच रुसून बसला.

"बघा. हा परत येत नाही. म्हणून चाक धरून राहिलं."

"तुझ्या वढण्यानं वाकला असंल."

"गंजलाय आबा. एका आठवड्यात गंजतो का?"

"ते मला सांगू नको. एका नगावर निकाल देत नसतात. उजवं खोल." उजवं चाक तर गरम झालं नव्हतं. तिथला दांडा मोकळा निघणार आणि सूनबाई सापडणार, याची त्यांना पक्की खात्री होती.

उजवं खोललं. पाना कडुबांनी स्वतः हातात घेतला. दांडा हललाच नाही. बुडाशी जुना, पापुद्रे धरलेला गंज. त्यांनी नखानं खरवडून बघितला, चष्मा पुसून पुन्हा बघितला.

"गाडी घेऊन चार वर्षं झाली. मी ओढायच्या आधी हा कधी ओढला होता?" विशाखानं हळूच विचारलं.

कडुबांनी पुढच्या चाकाकडं बघितलं. तिथं दगड बसला होता, साक्षीला बोलावल्यासारखा. ते उठले, घरात गेले. रुसले असं तिला वाटलं. पण ते गंज सोडवायचं तेल घेऊन आले आणि मांडी घालून खालीच बसले.

तेल घालून, पुढं-मागं करून तासाभरानं दोन्ही दांडे मोकळे झाले. तिनं आणून ठेवलेले नवे पॅड बसवायला, पॅडला दाबणारा पिस्टन आत सारायचा होता.

"नुसता दाब की."

"पुढचा नुसता दाबून जातो. ह्याला हँडब्रेक आहे. दाबत दाबत फिरवायचा, बरणीच्या झाकणासारखा."

त्यांना संशय आला. त्यांनी नुसता दाबून बघितला. मग मुकाट्यानं फिरवला. चाकं चढली, विशाखानं पायाला घट्ट लागेपर्यंत ब्रेक पुन्हा पुन्हा दाबला.

"आता ह्याला रोज ओढायचा," ती म्हणाली. "पुन्हा अडकला तर अख्खा कॅलिपर बदलावा लागंल."

गल्लीच्या उतारावर तिनं गाडी न्यूट्रल केली, हँडब्रेक ओढला आणि ब्रेकवरचा पाय काढला. कडुबा मागं दगड घेऊन उभे. टेकवला नाही, चार बोटं अंतर ठेवून मांडला. दहा मिनिटं वाकून वाकून ते अंतर मोजत राहिले. चार बोटांची साडेतीन झाली नाहीत.

किल्ली मिळाली.

सोमवारी पावणेसातला त्यांनी फोन लावला. "पोचली? वढला का?"

"ओढला आबा."

"फोटू धाड."

फोटो आला. वर उभा हँडब्रेक. कडुबांनी दोन बोटांनी तो मोठा केला, खिडकीतून चाक दिसतंय का बघितलं. 'दगड?' असं टाईप केलं. मग एकेक अक्षर खोडलं आणि लिहिलं, 'ओके'.

एकतीस वर्षांत मोजल्याशिवाय त्यांनी हा शब्द कुणाला दिला नव्हता. पाठवला, आणि दुपारी तिला पुन्हा एकदा विचारायचं ठरवलं.